दुधाचा ठिपका

आज संध्याकाळी धुराची गाडी येऊन गेली. मोहालीतल्या एअरोसिटीत, लेकीच्या घराच्या गॅलरीत मी मेथी निवडत बसले होते. गल्लीच्या टोकाशी फटफट आवाज झाला आणि पांढऱ्या धुराचा लोट घरांच्या कडेकडेने सरकत आला. आतून नात ओरडली, "आजी, अंदर आ जाओ, मच्छर वाले आए हैं!" 'आजी' एवढा एकच मराठी शब्द ती रोज वापरते. बाकी सगळं तिला समजतं, उत्तर मात्र हिंदीत. तिच्या शाळेतून चिठ्ठी आली आहे: महिनाभर पूर्ण बाह्यांचे कपडे घालून पाठवा, कूलरमधलं पाणी काढा, कुंड्यांखालच्या बशा कोरड्या ठेवा. ती वाचून मला हसू आलं. हेच सगळं मी कधीकाळी चंदीगढच्या सेक्टरांतून घरोघर सांगत फिरले होते. तेव्हा बायका मला चहा पाजून प्रेमाने वाटेला लावत.

पाऊस सरलेला असतो आणि थंडी अजून यायची असते, असे पाच-सहा आठवडे इथे येतात. शिवालिकच्या टेकड्या धुऊन ठेवल्यासारख्या जवळ दिसतात. सप्तपर्णीला फुलं येतात आणि सरळसोट रस्ते त्या वासाने जड होतात. दुपारचं ऊन टोचत नाही. लोकांना हा ऋतू फार आवडतो. मलाही आवडतो. पण माझ्या मनात त्याचं नाव वेगळं आहे. मी त्याला तापाचे दिवस म्हणते.

मी मूळची मिरजेची. प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झाले, लग्न झालं आणि हवाई दलातल्या नवऱ्याच्या बदलीबरोबर सत्तरच्या दशकात चंदीगढला आले. गाव इतकं नवं होतं, की झाडंसुद्धा माझ्यापेक्षा लहान वाटायची. पत्ता म्हणजे नुसते आकडे. पहिले काही महिने मी घरात बसून मंजिरीला, आमच्या मुलीला, सांभाळलं. ती शाळेत जायला लागली तशी मला घर खायला उठलं. एक दिवस आमचे हे कामावरून आल्या आल्या म्हणाले, "अगं सुलू, एका इस्पितळाच्या विषाणू प्रयोगशाळेत माणूस हवाय. तुला उंदरांची भीती वाटते का?" मी म्हटलं, "अहो, मला झुरळाची वाटते. उंदरांचं काही नाही." आणि मी तिथे कामाला लागले.

उंदीर म्हणजे घरातले नव्हेत. पांढरे, तांबड्या डोळ्यांचे, मुठीत मावतील एवढे. त्यांतही आमचं काम असायचं ते त्यांच्या तान्ह्या पिल्लांशी. डासांमुळे पसरणारे विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत, बाकी जंतूंसारखे काचेच्या ताटलीत वाढत नाहीत. त्यांना वाढायला जिवंत शरीर लागतं, आणि एक-दोन दिवसांच्या उंदराच्या पिल्लाइतकं त्यांना मानवणारं दुसरं काही तेव्हा आमच्याजवळ नव्हतं. तापाच्या रोग्याचं रक्त किंवा मणक्यातून काढलेलं पाणी यायचं. त्याचा अगदी बारीक थेंब पिल्लाच्या डोक्यात टोचायचा, पिल्लू आईपाशी परत ठेवायचं आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाहायचं. पिल्लू आजारी पडलं तर त्या थेंबात काहीतरी होतं. दोन-तीन आठवडे ठणठणीत राहिलं तर नव्हतं.

कसं पाहायचं, हे मला पुस्तकांनी शिकवलं नाही, चाचाजींनी शिकवलं. गुरबचन सिंह त्यांचं नाव. प्राण्यांच्या खोलीची सगळी जबाबदारी त्यांच्यावर. आयुष्यभर फौजेत खेचरं सांभाळून निवृत्त झालेला हा उंचापुरा, पांढऱ्या दाढीचा माणूस उंदरांच्या पिंजऱ्यापुढे वाकून उभा राही, तेव्हा मला पहिल्या दिवशी हसू आलं होतं. त्यांनी चिमट्याने एक पिल्लू अलगद उचललं आणि उजेडाकडे धरलं. गुलाबी, केस नसलेलं, डोळे मिटलेले. कातडी इतकी पातळ की आतलं दिसावं. पोटाच्या डाव्या बाजूला पांढरा ठिपका होता.

"ये देख, बेटा. दूध. माँ ने पिलाया है. जब तक ये दिखे, सब ठीक."

प्यायलेलं दूध कातडीतून दिसत होतं. पिल्लू आजारी पडलं की आधी पिणं सोडतं. ताप नाही, थरथर नाही, काही नाही, तरी तो ठिपका नाहीसा होतो. मग आई त्याला घरट्याबाहेर ढकलते. पुढे सात वर्षं माझी सकाळ या ठिपक्यांनी सुरू झाली. दोनशे पिल्लं असोत की वीस, एकेक उचलायचं, उजेडाला धरायचं, ठिपका पाहायचा, खाली ठेवायचं.

चाचाजींचा दुसरा धडा हातांचा होता. पिल्लांना हात लावायच्या आधी त्याच पिंजऱ्यातला लाकडाचा भुसा दोन्ही हातांना, हातमोज्यांना, मनगटांना चोळायचा. साबणाचा, तेलाचा, माणसाचा वास पिल्लांना लागला तर आई त्यांना आपलं मानत नाही. खाऊन टाकते. "माँ नाक से पहचानती है," ते म्हणायचे. मला वाटायचं, हे जरा फौजी अतिशयोक्तीचं आहे.

त्या दिवसांचं गाव आठवतं. दर घराच्या खिडकीला कूलर आणि त्याच्या वाळ्याच्या ताट्यांना आंबूस वास. उन्हाळा संपला की कूलर बंद, पण तळाचं पाणी तसंच. मी आणि आमच्या प्रमुख डॉ. भाटिया मॅडम बाटल्या घेऊन फिरायचो. मॅडम लाहोरहून लहानपणी आलेल्या, ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या, सुती साडीवर पुरुषी घड्याळ घालणाऱ्या. कूलरमध्ये पळी बुडवून त्या यजमानीणबाईंना पाण्यातल्या वळवळणाऱ्या अळ्या दाखवत. "ये आपके मेहमान हैं जी." बाई लाजून हसत. गावाबाहेर मात्र वेगळं चित्र होतं. जिथे पूर्वी मका आणि भुईमूग होता तिथे ट्यूबवेल आले होते आणि भात उभा होता. क्षितिजापर्यंत पाणी आणि पाण्यात हिरवं. सांजवेळी म्हशी गोठ्यात परतत, बगळे झाडांवर उतरत आणि त्या पाण्यातून डास उठत. आम्ही टॉर्च आणि काचेची नळी घेऊन गोठ्याच्या भिंतींवरून त्यांना तोंडाने हळूच ओढून घ्यायचो. मध्ये जाळी असायची, तरी एखादा डास घशात जाईल असं मला दर वेळी वाटायचं.

अशाच एका भाताच्या गावातून जीतो आली होती.

नऊ वर्षांची. मंजिरीहून एका वर्षाने मोठी. मी नमुना घ्यायला वॉर्डात गेले, तेव्हा ती डोळे अर्धे उघडे ठेवून पडली होती आणि मधूनच तिचं सगळं अंग ताठ होत होतं. दोन घट्ट वेण्या, त्यांना लाल फिती. तिची आई, हरबंस कौर, उशापाशी उभी होती. उभीच. बाकाकडे बोट दाखवलं तरी बसली नाही. मॅडमनी तिला सांगितलं, की हा मेंदूचा ताप आहे, कशामुळे आला ते आम्ही शोधतो आहोत. पाठीतून काढलेलं पाणी दोन लहान कुप्यांत भरून मी घेऊन आले. तिसऱ्या दिवशी मुलगी गेली.

आमच्या कामातली ही गोष्ट मला सवयीची व्हायला फार वेळ लागला. आमचं उत्तर नेहमी उशिरा येई. पिल्लं आजारी पडेपर्यंत, त्यांच्यातला विषाणू दुसऱ्या पिल्लांत वाढवून पाहीपर्यंत, त्याची ओळख पटेपर्यंत आठवडे जात. तोवर रोगी बरा होऊन घरी गेलेला असे, किंवा नसे. एकदा मी मॅडमना विचारलं होतं, "मग हे कोणासाठी करायचं?" त्या काचेच्या नळ्या उजेडात पाहत होत्या. "अगले साल के लिए," एवढंच म्हणाल्या.

जीतोच्या कुप्या आल्या तेव्हा गौरी-गणपतीचे दिवस होते. चंदीगढात आम्ही मोजकी मराठी कुटुंबं. कुणी फौजेतली, कुणी सरकारी खात्यांतली. जो तो आपापल्या जिल्ह्याची बोली घेऊन आलेला. एका विदर्भातल्या वहिनींकडे संध्याकाळी हळदी-कुंकू होतं. घरात गौरी उभ्या होत्या, मिरजेला आल्यासारखं मला वाटत होतं. वहिनींनी कुंकू लावलं, मनगटाला अत्तर लावलं. मोगऱ्याचं होतं. घरी येताना मी तो हात सारखा नाकाशी नेत होते.

सकाळी अंघोळ झाली, हात धुतले, वास गेला असं मला वाटलं. प्रयोगशाळेत पोचायला उशीर झाला होता. चाचाजी चाचण्यांसाठी पाळलेल्या हंसांच्या खुराड्याकडे गेले होते. मी जीतोच्या कुपीतला थेंब दोन आयांच्या पिल्लांना टोचला, सगळी नीट परत ठेवली. भुसा चोळला का, हे मला आजही आठवत नाही. म्हणजे चोळला नसणार. चाचाजी आले, दारात थांबले.

"बेटा, आज खुशबू किसकी?"

मी मनगट नाकाशी नेलं. मोगरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पिंजऱ्यांतली घरटी रिकामी होती. आया भुशात अंग चोरून बसल्या होत्या. पिल्लं नव्हती. एका पिंजऱ्यात कोपऱ्याला थोडंसं काही उरलं होतं, ते चाचाजींनी मला न दाखवता उचललं.

रोजच्या वहीत मला त्याची नोंद करायची होती. टोचल्यामुळे पहिल्या दिवशी काही पिल्लं मरतातच. त्यासाठी वहीत वेगळा रकाना होता. सोळा पिल्लं त्या रकान्यात लिहिली असती तर कुणी काही विचारलं नसतं. मी पेन हातात घेऊन किती वेळ बसले होते कोण जाणे. चाचाजी मागे झाडू मारत होते, एक शब्द बोलत नव्हते. त्यांनी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी मी उठले आणि मॅडमच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. अत्तराचंसुद्धा.

मॅडमनी चष्मा काढला. "कितना बचा है?"

"एकच कुपी. तीही पुरती भरलेली नाही."

"फिर ये वाला मत खोना," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुन्हा लावला.

बस. त्याविषयी पुन्हा त्या कधी बोलल्या नाहीत. आणि त्या वर्षी पुन्हा टोचायला हवी तशी पिल्लंच मिळेनात. हवा दमट, उंदरांच्या माद्या विऊन विऊन थकलेल्या; एखादी व्याली तरी तीनच पिल्लं. चाचाजी रोज एकेकीचं पोट हाताने चाचपून पाहत आणि मान हलवत. वीज जाई तेव्हा मी डीप फ्रीजरजवळ जाऊन उभी राहत असे, जणू मी उभी राहिल्याने आत गार राहणार होतं. त्यात एक बोटभर कुपी होती आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात त्या मुलीचं नाव होतं.

अशातच एका दुपारी हरबंस कौर आली. मुलीचं दिवसकार्य आटोपून, दोन बस बदलून, एकटी. पांढरी ओढणी, हातात कापडी पिशवी. प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर मी तिला बसवलं, पाणी दिलं.

"भैण जी, मेरी कुड़ी दा कुछ पता लग्गा?"

मी म्हटलं, अजून नाही. थोडा वेळ लागेल. तिने पाण्याचा पेला तसाच हातात धरला. मग माझ्याकडे न पाहता, समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाली, "मैं उसनूं चपेड़ मारी सी. सिर ते."

तुकड्या-तुकड्याने तिने सांगितलं. सकाळी शाळेला उशीर होत होता. ती जीतोच्या वेण्या घालत होती आणि पोर सारखी हलत होती. म्हणून डोक्यावर एक चापट मारली. दुपारी जीतो शाळेतून डोकं दुखतं म्हणत परत आली. रात्री ताप. मग डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात आहे.

"किसी को बताया?" मी विचारलं.

तिने मान हलवली. नवऱ्याला नाही, सासूला नाही, कुणालाच नाही.

मी तिचा हात धरला. म्हटलं, थप्पड से ऐसा बुखार नहीं होता. कधीच नाही होत. हा मच्छरचा बुखार असणार, भाताच्या पाण्यातल्या मच्छरचा.

"तुसीं वेखया?" तिने विचारलं. तुम्ही पाहिलं आहे?

मी तिचा हात सोडला.

"पक्का?"

तिथे मी "हो, पक्का" म्हणायला हवं होतं, असं आमचे हे नंतर म्हणाले. आईला धीर द्यायला काय हरकत होती? पण ती बाई माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, त्या नजरेला नुसता धीर नको होता. धीर तिला वॉर्डातल्या सगळ्यांनी दिला असणार. तिला कुणीतरी पाहिलेलं हवं होतं. आणि पाहायला माझ्याकडे काही नव्हतं, कारण मी मनगटाला मोगरा लावून आले होते. "पता लगते ही मैं खुद बताऊँगी," एवढंच मी म्हणाले. उशीर का होतोय, ते मी तिला सांगितलं नाही. कधीच सांगितलं नाही. आजही ते माझ्याकडेच आहे.

त्या संध्याकाळी घरी मंजिरीने दूध सांडलं. अभ्यासाच्या वहीवर, माझ्या साडीवर. माझा हात वर गेला आणि तिथेच राहिला. ती डोळे मिटून वाट पाहत होती. मग एक डोळा उघडून म्हणाली, "मम्मी, मारना है तो मारो ना जल्दी." मला हसू आलं आणि रडूही. तिला जवळ घेतलं तर म्हणते, "आज क्या हुआ है आपको?"

काही दिवसांनी चाचाजी सकाळी मला जिन्यातच भेटले. दाढीतून हसत होते. "आठ हैं. सब दूध पीते." एक मादी रात्रीतून व्याली होती. मी अंघोळीनंतर त्या दिवशी तेल लावलं नव्हतं, पावडर लावली नव्हती. कितीतरी दिवस लावतच नव्हते. कोपरापर्यंत भुसा चोळला. कुपी वितळू दिली. श्वास रोखून आठही पिल्लांना टोचलं. चाचाजींनी एकेक पिल्लू आईपाशी ठेवलं आणि हलक्या आवाजात "वाहेगुरू" म्हणाले. ते दर वेळी म्हणत. मी त्यांना त्याबद्दल कधी विचारलं नाही. आम्ही त्या जिवांशी जे करत होतो त्याला नाव द्यायची माझी हिंमत नव्हती. त्यांनी आपलं एक नाव घेऊन ठेवलं होतं.

पहिला दिवस, आठ ठिपके. दुसरा, आठ. तिसरा, आठ. चौथ्या दिवशी संध्याकाळी आठ, पण एक ठिपका फिकट वाटला. त्या रात्री मला झोप लागली नसेल असं कुणालाही वाटेल, पण मी गाढ झोपले.

पाचव्या दिवशी सकाळी एक पिल्लू घरट्याबाहेर पडलं होतं. मी चिमट्याने उचललं, खिडकीशी नेलं. पोट सगळं गुलाबी. दूध नाही. मागचे पाय बारीक थरथरत होते.

"चाचाजी!" मी ओरडले. आणि त्या ओरडण्यात आनंद होता. तो आनंद माझा मलाच ऐकू आला आणि मी ओशाळले. हातात एक जीव मरत होता. एका मुलीला नेमकं काय झालं होतं ते तो सांगत होता, आणि मला बरं वाटत होतं. मी पुष्कळ वर्षं या गोष्टीचा विचार केला. आता वाटतं, की त्या आनंदाची लाज वाटली तेवढंच बरं झालं. ती वाटली नसती तर मी ते काम करायला लायक नव्हते.

पुढचं काम धीराचं. त्या पिल्लाच्या मेंदूतून दुसरी पिल्लं, त्यांच्यातून तिसरी. दर वेळी पाचव्या दिवसाच्या आसपास ठिपका नाहीसा. मग ओळख पटवायची चाचणी. तिला हंसाचं रक्त लागतं, कोंबडीचं चालत नाही. म्हणून आमच्याकडे खुराड्यात तीन पांढरे हंस होते आणि ते चाचाजी सोडून सगळ्यांना चावत. चाचाजी पंख उलगडून धरत, मी शिरेतून थोडं रक्त घेई, आणि हंसाला बक्षीस म्हणून पालकाची जुडी. शेवटी खात्रीसाठी एक भाग बर्फात घालून पुण्याच्या मोठ्या विषाणू प्रयोगशाळेला पाठवला. ती थर्मासची पेटी स्टेशनवर पोचवताना मला वाटलं, ही माझ्या आधी महाराष्ट्रात पोचणार. मी तिच्या झाकणावर उगीच हात फिरवला.

पुण्याचं पत्र आलं तोवर थंडी सुरू झाली होती. मेंदूज्वराचाच विषाणू, डासांनी पसरणारा. मॅडमनी पत्र वाचून माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "कल जीप निकलवाओ. गाँव में सबका खून भी लेना है. देखते हैं और किस-किस को छूकर गया."

भात कापून झाला होता. शेतांत खुंट राहिले होते आणि त्यांच्यावर धुक्यासारखा धूर. हरबंस कौरच्या घरासमोरच्या अंगणात खाटा टाकल्या होत्या, गावातले पाच-पंचवीस लोक जमले होते. मॅडम खाटेवर बसून पंजाबीत सांगत होत्या: ताप कशाने आला, डास कुठे वाढतो, ज्यांच्या अंगात हा विषाणू वाढतो त्या डुकरांचे कळप घरापासून दूर का ठेवायचे, मुलांना सांजवेळी गोठ्यापाशी का जाऊ द्यायचं नाही. माणसं ऐकत होती. फवारणी कधी होणार, सरकार देणार का, असे प्रश्न विचारत होती. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "रब दी मर्ज़ी." हरबंस कौर हातात चहाच्या पेल्यांचं ताट घेऊन दारात उभी होती.

मी बाजूला एका लहान मुलीच्या दंडाला पट्टी बांधून रक्त घेत होते. पाच-सहा वर्षांची, केस मागे कसेबसे गुंडाळलेले. ही जीतोची धाकटी बहीण, गुड्डी. तिला धरून बसलेली तिची काकू मला सांगत होती, "अब इसके बाल मैं ही करती हूँ जी. माँ तो सिर को हाथ नहीं लगाती. पता नहीं क्या हो गया है उसे."

मी वर पाहिलं. हरबंस कौर मॅडमकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

"पक्का?" तिने सगळ्यांसमोर विचारलं.

लोकांना वाटलं, ती डासांबद्दल विचारते आहे. एक जण म्हणालासुद्धा, "डाक्टरनी साहब कह रही हैं तो पक्का ही होगा."

"पक्का," मी म्हटलं. "मैंने खुद देखा है. अपनी आँखों से."

 मग तिने ताट जावेच्या हातात दिलं, आत गेली आणि कंगवा घेऊन आली. रिकाम्या खाटेवर बसली आणि गुड्डीला हाक मारली. गुड्डी एकदा काकूकडे, एकदा आईकडे पाहत राहिली. मग दंडावरचा कापूस दाबून धरत ती आईच्या दोन गुडघ्यांमध्ये जाऊन बसली. हरबंस कौरने तिचे केस सोडले, मधोमध भांग पाडला आणि वेणी घालायला घेतली.

मॅडम पुढच्या घराकडे निघाल्या होत्या. मला नळ्या आवरायच्या होत्या, पण मी आवरत नव्हते.

"मां, हौली!" गुड्डी कळवळली. "पीड़ हुंदी ऐ!"

"चुप करके बैठ," हरबंस कौर म्हणाली. "हिल्ल ना." आणि दुसरी वेणी घ्यायला तिने तळहाताने पोरीचं डोकं आपल्याकडे वळवलं.